डिसेंबरअखेर स्पोर्ट क्लायंबिंगला कुठं जावं? बदामी, क्राबी की थेट स्पेन?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की डिपिंग, विरळणी, फवारण्या यांतून मान वर काढता येत नाही, आणि फेब्रुवारीत माल निघायला लागला की व्यापाऱ्यांच्या मागं फिरणं सुरू. मधे डिसेंबरअखेरीला दोन आठवडे जरा उसंत मिळते. तेवढ्यापुरती बाग बघायला थोरला भाऊ तयार झालाय, म्हणून यंदा मी आणि मावसभाऊ क्लायंबिंगला बाहेर पडायचं म्हणतोय.

सह्याद्रीत ग्रुपबरोबर सुळके केलेत, पण लीड करणारा दुसराच, आम्ही त्याच्या दोरामागनं. पुण्यात कृत्रिम भिंतीवर जाऊन जाऊन मी आता ६ए ग्रेड (रूटच्या अवघडपणाचा आकडा, जितका मोठा तितका रूट अवघड) लीड करतो, म्हणजे रोप खालून बरोबर नेत, वाटेत अडकवत चढतो. मावसभाऊ अजून टॉप रोपवर, म्हणजे वरून आधीच लावलेल्या रोपवर आहे. दोघांनाही आता खऱ्या दगडावर, नीट बोल्ट (रोप अडकवायला दगडात पक्के बसवलेले खिळे) मारलेल्या रूटवर, सकाळी उठून फक्त क्लायंबिंग करायचंय. गडावर पाणी वाहून न्यायचं नाही, रात्री कपारीत झोपायचं नाही.

मुख्य अट म्हणजे ऊन पाहिजे. गेल्या हिवाळ्यात वाईकडं एका कड्यावर पहाटेच सुरुवात केली होती. दगड दवानं ओला, आणि बोटं इतकी बधिर की होल्ड धरलाय का नाही ते डोळ्यांनी बघावं लागत होतं. नेटवर शोधलं तर स्पेनमधलं काल्पे आणि एल चोरो, ग्रीसमधलं कालिम्नोस आणि लिओनिदिओ, तुर्कस्तानात अंतल्याजवळचं गेयिकबायरी, थायलंडचं क्राबी अशी नावं येतात. एकदा परदेशी जाण्याइतके पैसे बाजूला काढलेत. पण ग्रुपमधले काही जण म्हणतात, बदामी एवढी उशाशी असताना लांब कशाला? जाऊन आलेल्यांनी सांगा.

सातारी_कातळ

दादा, बदामी. दुसरा विचार करू नका. मिरज, अथणी, जमखंडी करत गेलात तर सांगलीहून दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. लाल वालुकाश्म, बोल्ट मारलेले रूट, बहुतेक ठिकाणी साठ मीटरचा रोप पुरतो. फ्रान्सच्या जेरोम पुव्रोनं केलेला 'गणेश' हा ८बी प्लस तिथंच आहे आणि पुण्याच्या तुहिन सातारकरनं तो केला, भारतीयांत पहिल्यांदा. जगभरातले क्लायंबर विमानानं येतात तिथं, आपल्याला भाकरी बांधून घेऊन जाता येतंय.

हंपी कुणी सुचवेल. ते बोल्डरिंगसाठी, म्हणजे रोपशिवाय ठेंगण्या धोंड्यांवर चढण्यासाठी. ग्रॅनाइटचे धोंडे, खाली क्रॅशपॅड (पडलं तर झेलणारी जाड गादी). रोप आणि बोल्टचं काम तिथं मोजकंच.

मिरज_फिजिओ

तुमच्या उन्हाच्या अटीपासूनच सुरुवात करते, कारण ठिकाण त्यावरच ठरणार आहे.

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः क्लायंबिंग करते आणि बोटं दुखावून आलेली पोरंही बघते. गारठलेल्या बोटांनी बारीक क्रिंपवर (बोटांच्या टोकांनीच धरता येणाऱ्या कडेवर) अख्खं वजन टाकणं खरंच धोक्याचं, त्यामुळं तुमची काळजी रास्तच आहे. पण नेटवरच्या त्या याद्या लिहिणारे लोक बर्फातून पळ काढणारे आहेत. इंग्लंड-जर्मनीतल्या माणसाला डिसेंबरात पंधरा-सोळा अंश आणि पाठीवर ऊन मिळालं की त्याचं काम झालं. आपल्याकडं डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो. बदामीत दुपारी बाराला उन्हातल्या भिंतीला हात लावून बघा. होल्ड तापलेला, तळव्याला घाम, चॉक (हाताचा घाम शोषणारी पूड) दोन मूव्हमध्ये ओला. तुम्हाला पाहिजे आहे तो कोरडा दगड आणि उबदार हवा. अंगावर ऊन नकोच.

म्हणून कुठल्याही क्रॅगबद्दल (चढायच्या कड्याबद्दल) माझा पहिला प्रश्न असतो की भिंतीचं तोंड कुठं आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्या अक्षांशावर सूर्य आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडून फिरतो आणि नैऋत्येला मावळतो. दुपारी तो क्षितिजापासून साधारण पन्नास अंशांवर असतो. त्यामुळं उत्तरेकडं तोंड असलेल्या उभ्या भिंतीवर हिवाळ्यात दिवसभर ऊन येत नाही. पूर्वेची भिंत सकाळी तापते आणि दुपारनंतर सावलीत जाते, पश्चिमेची दुपारपर्यंत सावलीत असते. दक्षिणेची जवळपास दिवसभर उन्हात. एवढं लक्षात ठेवलं की गाइडबुक नसलं तरी मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिवस आखता येतो. सकाळी पश्चिमेच्या भिंती, मधली उन्हं जेवणात आणि झोपेत घालवायची, तीननंतर पूर्वेच्या. वाईच्या कड्यावर तुमची बोटं बधिर झाली ती पहाट आणि दव यांमुळं. आठ-साडेआठला सुरू केलं असतं तर तोच दगड छान लागला असता.

बदामीबद्दल आणखी थोडं सविस्तर. गाव पश्चिमेला, मधे अगस्त्य तळं, दक्षिणेच्या डोंगरात चालुक्यांची लेणी, उत्तरेच्या डोंगरावर किल्ला. लेणी, देवळं आणि किल्ल्याच्या आसपास पुरातत्त्व खात्याचा परिसर आहे. तिथल्या कातळाला हात लावायचा नाही. क्लायंबिंगच्या भिंती वेगळ्या आहेत, त्यातली 'टेंपल एरिया' सगळ्यात नावाजलेली. पहिल्या दिवशी स्थानिक क्लायंबर बरोबर घ्या. ती पोरं साहित्यही भाड्यानं देतात आणि कुठली भिंत कधी सावलीत येते हे त्यांना तोंडपाठ असतं.

दगडाचं सांगायचं तर तो थराथरांचा आहे. आडव्या फटी, त्यात बोटांची दोन पेरं जातील एवढी कड, मग हात पुरेल न पुरेल अशा अंतरावर पुढची फट. आपल्या बेसॉल्टवर पाय चाचपत वर सरकायची सवय असते, इथं लांब हात टाकावा लागतो. घर्षण उत्तम, पण तिसऱ्या दिवसापर्यंत बोटांची टोकं गुळगुळीत गुलाबी होतात आणि चहाचा कप धरवत नाही. तेव्हा मुकाट्यानं सुट्टी घ्या आणि पट्टदकल-ऐहोळे बघून या, दोन्ही तासाभराच्या आत आहेत. आणि पाऊस पडून गेला असेल तर वालुकाश्मावर चढू नका. वरून वाळलेला दिसला तरी आत पाणी असतं, ओला वालुकाश्म कमजोर होतो आणि होल्ड तुटून कायमचा जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस तिकडं गाठतो, डिसेंबरअखेरीला शक्यतो कोरडं असतं.

आग्यामोहोळ हा दख्खनच्या सगळ्याच कड्यांवरचा मोठा धोका आहे. चढण्याआधी अख्खी भिंत खालून नीट न्याहाळा. काळपट अर्धगोल पोळं दिसलं की त्या बाजूचा रूट त्या दिवसापुरता सोडून द्या. खाली बिडी-सिगारेट नको, आरडाओरडा नको. माकडांचंही सांगून ठेवते. बदामीत पिशवीची चेन उघडता येते त्यांना.

आता तुमच्या मावसभावाचा विचार करू. बदामीत खरी मजा ६बीच्या पुढं आहे, त्याला करता येतील असे सोपे रूट थोडेच. त्यामुळं चौथ्या दिवशी तुम्ही खुशीत असाल आणि तो नुसता बिले देत (खालून तुमचा रोप सांभाळत) बसेल. दोन आठवडे आणि परदेशाचे पैसे हाताशी असतील तर माझं मत लाओसमधल्या ताखेककडं जातं. त्याचं नाव तुमच्या यादीत नाही. चुनखडीचे उभे कडे, मधे सपाट भातखाचरं, आणि कड्यांच्या पायथ्याशीच राहायची सोय, 'ग्रीन क्लायंबर्स होम' नावाची. खोलीतून निघून पहिल्या बोल्टपर्यंत चालत जाता येतं. सोप्या ग्रेडपासून ८ पर्यंत सगळं आहे आणि भिंती सगळीकडं तोंड करून असल्यामुळं सावली शोधावी लागत नाही. अक्षांश बघितलात तर हे गाव कराड आणि सातारा यांच्या मधे येतं, म्हणजे सूर्याचा सगळा हिशोब आपल्यासारखाच. हवाही आपल्या हिवाळ्यासारखी, रात्री शाल लागते. बँकॉकहून विमानानं नाखोन फनोमला उतरायचं, मेकाँगवरचा पूल ओलांडला की ताखेक.

मूळचा_कोरेगावचा

मी कोरेगावचा, सध्या नोकरीनिमित्त व्हॅलेन्सियात आहे, म्हणून स्पेनचं सांगतो. ताईंनी सूर्याचं मांडलं ते अगदी बरोबर आहे. इकडं डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम अठ्ठावीस अंशांवर येतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर तो समोरून, पण सौम्य पडतो आणि तिथं टी-शर्टवर चढता येतं. तीच भिंत सावलीत गेली की पाच मिनिटांत जॅकेट घालावं लागतं. सहा वाजायच्या आत अंधार. काल्पेला समुद्रातून ३३२ मीटर उभा उठलेला पेन्योन दे इफाक दिसतो आणि जीव वेडावतो, पण त्यावरचे बरेच रूट अनेक टप्प्यांचे आहेत. सुरुवात आतल्या बाजूच्या सेयासारख्या क्रॅगवर करा. माझं आवडतं चुलिया, व्हॅलेन्सियापासून साठेक किलोमीटर. तुरिया नदीची घळ, दोन्ही काठांना भिंती, त्यामुळं ऊन हवं तर इकडं, सावली हवी तर तिकडं. पण रूट लांबच लांब, ऐंशी मीटरचा रोप लागतो आणि चाळिसाव्या मीटरला हात फुगून दगड होतात. ६ए लीड करणाऱ्याला मी ते पहिल्याच वर्षी सुचवणार नाही.

एल चोरोला मालागाहून रेल्वेनं जाता येतं ही मोठी सोय आहे. २०१५ मध्ये पुन्हा खुली झालेली कामिनितो देल रेई ही कड्यावरची पायवाट तिथंच. कालिम्नोस यादीतून काढून टाका. ऑक्टोबरात ते अप्रतिम, पण डिसेंबरात पाऊस असतो, बोटी कमी होतात आणि बरीच राहायची ठिकाणं बंद. ग्रीसच हवं असेल तर लिओनिदिओ, तो हिवाळ्यातलाच भाग आहे.

व्हिसाचं आत्ताच बघावं लागेल. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि नाताळच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं मुश्किल. शेतकरी असाल तर सातबारा, बागेच्या विक्रीच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट नीट लावा. परत येण्याचं कारण त्यातून दिसतं. आणि प्रवासाच्या विम्यात क्लायंबिंग धरलंय का ते वाचूनच पैसे भरा, पुष्कळ पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं.

द्राक्षबाग_तासगाव

ताई आणि कोरेगावकर, दोघांचेही मनापासून आभार. भिंतीच्या तोंडाचा विचार आम्ही केलाच नव्हता, नुसतं तापमान बघत होतो. एक शंका. क्राबीबद्दल ताई काहीच बोलल्या नाहीत. मावसभावाचं मन समुद्रावर आहे. आणि तिथले बोल्ट तुटतात असं कुठंतरी वाचलं, ते खरं का?

मिरज_फिजिओ

क्राबीला रेले आणि टोनसाई सुंदर आहेत, मी जाऊन आलेय. आओ नांगवरून लांब शेपटाच्या बोटीनं जायचं, पुळणीवर उतरलं की डोक्यावर चुनखडीची झुंबरं लोंबत असतात. 'वन टू थ्री वॉल' नावाची भिंत नवशिक्यांसाठीच आहे, मावसभाऊ तिथं खूश होईल. पण तिथली हवा दमट. पावसाळा सरला तरी घाम सरत नाही, आणि नाताळ-नववर्षाला गर्दी इतकी की सोप्या रूटखाली रांग लागते. रेले वेस्ट आणि टोनसाईच्या मधे भरती-ओहोटी बघून चालावं लागतं. फेब्रुवारीत जमत असेल तर मी क्राबी म्हणेन, पण तेव्हा तुमची तोडणी.

बोल्टचं खरं आहे आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेतले क्षार, चुनखडी आणि उष्णता एकत्र आली की स्टेनलेस स्टीललासुद्धा आतून बारीक भेगा जातात. बाहेरून बोल्ट चकचकीत दिसतो आणि माणसाच्या वजनानंही तुटू शकतो. म्हणून तिथं जुने बोल्ट काढून टायटॅनियमचे बसवत आणलेत. ते ओळखता येतात. त्यांना नट आणि वेगळा हँगर (रोप अडकवायची भोकाची पट्टी) नसतो, एकसंध करडा दांडा, त्याचाच डोळा, आणि मुळाशी सिमेंटसारखं रसायन भरलेलं. नट-हँगरवाला चमकणारा बोल्ट दिसला तर त्या रूटवर जायचं नाही, कितीही सोपा असला तरी. ताखेक समुद्रापासून लांब आहे, त्यामुळं तिथं हा प्रश्न नाही. मात्र नाताळात जायचं तर खोली आधी पक्की करा.

कुठंही गेलात तरी एक गोष्ट घरूनच शिकून जा. कृत्रिम भिंतीवर वर पोचल्यावर रोप कॅरॅबिनरमध्ये टाकून खाली यायची सवय असते. दगडावर शेवटी बऱ्याचदा दोन बंद रिंगा असतात आणि आपलं साहित्य काढून घेऊन उतरायचं असतं. पोचल्यावर आधी स्लिंगनं (मजबूत पट्ट्यानं) स्वतःला अँकरला, म्हणजे त्या रिंगांना अडकवा. मग रोप दुमडून ती दुमड रिंगांमधून ओवा, त्याला आठची गाठ मारा, ती लॉकिंग कॅरॅबिनरनं बिले लूपला (कमरपट्ट्याच्या पुढच्या कडीला) लावा, स्क्रू फिरवून बघा. त्यानंतरच कमरेची जुनी गाठ सोडून ते टोक बाहेर काढा. बिले देणाऱ्याला रोप ताणायला सांगा, वजन नव्या गाठीवर आलंय हे डोळ्यांनी बघा, मगच स्लिंग काढा. जमिनीवर, घराच्या खिडकीच्या गजाला दोन रिंगा बांधून हे दोघांनी बोलत बोलत करा, हाताला सवय होईपर्यंत. अनुभवी माणसासमोर एकदा करून दाखवा. आणि रोपच्या मोकळ्या टोकाला कायम गाठ. उतरवताना रोप संपून बिलेतून सुटला की माणूस खाली येतो, आणि हे चांगल्या चांगल्या क्लायंबरच्या बाबतीत घडलंय.

बोटांसाठी एकच सांगते. पहिल्या रूटवर तुमचा जोर दाखवू नका. तीन-चार सोपे रूट मोठ्या होल्डवर करा, बोटं आतून गरम होऊ द्या, मग क्रिंप. मधल्या किंवा अनामिकेच्या मुळाशी टच्च आवाज आला तर त्या क्षणी दिवस संपला. पट्टी बांधून पुढं चढणारी पोरंच माझ्याकडं महिनोन्महिने येतात.

द्राक्षबाग_तासगाव

ताई, ठरलं. मावसभावाचा पासपोर्ट काढायचाच राहिलाय, तो आता अर्ज करतोय, पण डिसेंबरच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. ताखेक पुढच्या हिवाळ्याला. यंदा बदामी, आठवडाभर, मधे दोन दिवस पट्टदकल-ऐहोळेसाठी ठेवून. सोप्या रूटवर मी लीड करून टॉप रोप लावत जाईन म्हणजे तोही बसून राहणार नाही. अँकरचा सराव आजपासून द्राक्षाच्या मांडवाच्या अँगलला रिंगा बांधून सुरू करतोय. शेवटचा प्रश्न सातारी_कातळ यांना: फवारणी उरकून संध्याकाळी निघालो आणि रात्रीतनं बदामी गाठली तर चालेल का? म्हणजे एक सकाळ वाचते.

सातारी_कातळ

रात्री नको दादा. त्या दिवसांत दोन्ही राज्यांतले कारखाने चालू असतात. मिरजेपासून पार मुधोळ-लोकापूरपर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला आणि मागचा दिवा बऱ्याचदा नाहीच. समोरून गाडी आली की पुढची ट्रॉली दिसतच नाही. पहाटे पाचला निघा, अथणीला उजाडेल, जमखंडीत नाष्टा करा, दुपारच्या आत पोचाल. नाहीतरी दुपारी भिंत तापलेलीच असणार. खोली घ्या, जेवून झोप काढा आणि तीनला रोप घेऊन बाहेर पडा. रेल्वेनं जायचं झालं तर बदामी स्टेशन गावापासून पाच किलोमीटर आहे, रिक्षा मिळते. रोप मात्र पिशवीत बंद ठेवा, लाल माती लागली की रोप जास्त झिजतो.